जमिनीखालची टाकी आणि अंगणातली विहीर



नागपूरच्या इतिहासावर बोला, असे चालकांनी सुचविले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा बख्त बुलंद, भोसले, सीताबर्डीची लढाई किंवा फार तर एम्प्रेस मिल असावी. कामगार चळवळीतला माणूस म्हणजे तो मिलवरच बोलणार, हा तर्कही चुकीचा नव्हे. परंतु आज मी जो इतिहास सांगणार आहे त्याचा पुतळा कोठल्याही चौकात नाही, कारण तो सगळाच्या सगळा जमिनीखाली घडलेला आहे. तुम्ही प्रतापनगरातून रिंग रोडकडे जाताना ज्या पेट्रोल पंपांवर गाडी थांबवता, तेथे तुमच्या पायाखाली दहा-वीस हजार लिटरच्या लोखंडी टाक्या पुरलेल्या असतात. आणि त्याच जमिनीत, थोड्या अंतरावर, जुन्या घरांच्या मागच्या अंगणात विहिरी आहेत. या दोन खड्ड्यांची एकमेकांशी ओळख कधी आणि कशी झाली, आणि ती ओळख पटविण्यासाठी माती व पाणी तपासण्याची विद्या कशी वाढली, हा माझा विषय.

या विषयावर बोलण्यास नागपूरइतके योग्य शहर भारतात दुसरे नाही. पेट्रोलच्या टाकीला परवाना देणारे केंद्र सरकारचे जे खाते आहे, ज्याला आज पेसो म्हणतात, त्याचे मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. हे खाते १८९८ सालचे. त्याचे जुने नाव स्फोटक विभाग. अग्निशमनाचे राष्ट्रीय महाविद्यालय १९५६ साली रामपूरला निघाले आणि दुसऱ्याच वर्षी नागपूरला आले. आणि पाणी तपासणारी देशातली प्रमुख संस्था, जिला आपण नीरी म्हणतो, तीही येथलीच. १९५८ साली ती केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून स्थापन झाली आणि १९७४ साली तिचे नामांतर झाले. म्हणजे आगीचे खाते आणि पाण्याचे खाते एकाच गावात नांदत आले. तरीही टाकीतून गळलेले तेल विहिरीत उतरते तेव्हा तो प्रश्न कोणाच्या दप्तरात बसवायचा, याचा उलगडा होण्यास फार काळ लागला. असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

आपण ज्याला रॉकेल म्हणतो तो शब्द मुळात इंग्रजीतला. त्याचा अर्थ खडकाचे तेल. आपल्या आज्यापणज्यांनी तो शब्द जिभेवर घोळवून मराठी करून टाकला. हे खडकाचे तेल डब्यांतून आणि पिंपांतून गावोगाव आले, तेव्हा सरकारला आणि लोकांना एकच भय वाटले, ते आगीचे. ते रास्तही होते. दुकानात ठेवलेले पिंप पेटले तर बाजार जळत असे. १८८४ साली स्फोटकांचा कायदा झाला, १९३४ साली पेट्रोलियमचा कायदा झाला, त्याखालचे नियम १९३७, १९७६ आणि २००२ साली पुन्हा पुन्हा लिहिले गेले. या सगळ्यांची दृष्टी एकाच शत्रूवर खिळलेली होती. टाकी वस्तीपासून किती दूर असावी, वाफेचा नळ किती उंच असावा, जवळ विडी ओढू नये, ठिणगी पडू नये.

तिकडे अमेरिकेत फोर्ट वेन नावाच्या गावी बाउझर नावाच्या माणसाने १८८५ साली रॉकेल मोजून देणारा हातपंप विकला, आणि पुढे १९०५ च्या सुमारास मोटारींसाठी तसाच पंप काढला. आजही विमानतळावर इंधनाच्या गाडीला बाउझर म्हणतात, ते त्याच्याच नावावरून. पंप आला तशी टाकी जमिनीखाली गेली. युक्ती उत्तम होती. तेल मातीखाली पुरले की त्याला आग लागत नाही, ऊन लागत नाही, आणि चौकातली जागाही अडत नाही. आगीच्या बाजूने पाहिले तर पुरलेली टाकी ही सर्वांत शहाणी टाकी. तोटा एकच होता: ती आता कोणाला दिसत नव्हती. पिंप गळले तर दुकानदाराच्या फरशीवर डाग पडे. पुरलेली टाकी गळली तर डाग पडे तो खडकावर, आणि तो पाहायला कोणी खाली जात नसे.

आता पाण्याकडे वळू. १८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीट नावाच्या गल्लीत पटकीची साथ आली आणि डॉक्टर जॉन स्नो यांनी ती तेथल्या सार्वजनिक विहिरीच्या पंपावर आणून ठेवली. एवढी गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि माझ्या मते खरे शिक्षण त्यातच आहे. साथीनंतर ती विहीर उघडून तपासली गेली, आणि विटांच्या बांधकामात कोठे भोक किंवा भेग दिसली नाही. विहीर निर्दोष ठरली. परंतु त्या वस्तीतले एक तरुण पाद्री, हेन्री व्हाइटहेड, यांनी घरोघर फिरून शोधून काढले की विहिरीजवळच्याच घरातले एक तान्हे मूल सर्वांआधी आजारी पडले होते आणि त्याचे कपडे धुतलेले पाणी त्या घराच्या मलकुंडात गेले होते. मग १८५५ साली यॉर्क नावाच्या सर्वेक्षकाने केवळ विहीर न पाहता मलकुंड आणि विहीर यांच्यामधली जमीन खणली. मलकुंडाच्या विटा कुजलेल्या होत्या, विहीर तेथून तीन फुटांच्या आत होती, आणि मधली माती घाणीने भिजलेली होती. आधीच्या तपासणीत विहिरीला विचारले, तिने काही सांगितले नाही. पुढच्या तपासणीत मातीला विचारले, तिने सर्व सांगितले. भूमिगत कुंडाच्या गळतीचा माग मातीतून काढण्याचा याहून चांगला धडा मला दुसरा माहीत नाही.

आपल्याकडे पाण्याच्या तपासणीने जोर धरला तोही साथीच्या धक्क्यांनीच. नागपूरने १८७० च्या सुमारास अंबाझरीचे पाणी घेतले, पुढे गोरेवाडा, कन्हान, पेंच असे आपण दूरदूर गेलो. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत मैल्याचे पाणी नळाच्या पाण्याच्या उगमात शिरले आणि हजारो लोकांना कावीळ झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी नागपूरची संस्था उभी राहिली. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा आपला कायदा १९६९ साली केला, १९७० साली मंडळ नेमले. केंद्राचा कायदा १९७४ चा. परंतु या काळात पाणी तपासणे म्हणजे जंतू तपासणे, आणि प्रदूषण शोधणे म्हणजे कारखान्याचा नळ नदीत कोठे पडतो ते पाहणे. पुरलेल्या टाकीला नदीत पडणारा नळ नाही, तिच्यात जंतूही नाहीत. आगीचे खाते वर पाहत होते, पाण्याचे खाते नदीकाठी उभे होते, आणि टाकी या दोघांच्या मधल्या अंधारात गंजत होती.

मी भूगर्भाचा पंडित नव्हे. या प्रश्नाशी माझी गाठ एका कामगाराच्या नोकरीमुळे पडली. बऱ्याच वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी पंपावरच्या एका माणसाला चोरीच्या आरोपावरून काढून टाकले. आरोप असा की टाकीतला माल रोज थोडा थोडा कमी भरतो, आणि किल्ली त्याच्याकडे. पंपावर रोज पहाटे टाकीत डिप टाकतात, म्हणजे खुणांची काठी उतरवून माल मोजतात, आणि तो आकडा वहीत लिहितात. काठीच्या टोकाला एक लेप लावतात. टाकीच्या तळाशी पाणी असेल तर त्या लेपाचा रंग बदलतो. हा माणूस मालकाच्या वहीखेरीज स्वतःचीही एक वही ठेवत असे, हे आमच्या नशिबाने. ती उघडून त्याने मला दाखविली. उन्हाळ्यात माल घटत होता. पावसाळ्यात घट थांबत होती, पण लेपाचा रंग बदलत होता. झाकणाची रबरी चकती त्याने स्वतः बदलून पाहिली होती, तरी पाणी येतच होते. तो म्हणाला, "भाऊ, पावसाळ्यात ज्या वाटेनं पाणी आत येऊन राह्यलं, उन्हाळ्यात त्याच वाटेनं माल बाहेर जाऊन राह्यला."

या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे. पावसाळ्यात भूजल वर चढते आणि भोकातून टाकीत शिरते. उन्हाळ्यात ते खाली जाते आणि टाकीतले तेल भोकातून मातीत झिरपते. शेजारच्या घरी विहिरीच्या पाण्याला पावसाळ्यात वास येतो अशी तक्रार होतीच. तिची चौकशीही झालेली होती: मे महिन्यात एक साहेब आले, दोन तास मोटर चालविली, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत अर्धी बाटली पाणी भरून जीपमध्ये ठेवले आणि निघून गेले. अहवाल आला, दोष आढळला नाही. त्या कागदाने शेजाऱ्याला खोटारडे ठरविले आणि आमच्या माणसाला चोर. कारण माल गळला नाही, तर मग तो गेला कोठे?

आम्ही हट्ट धरून टाकीच्या कडेची जमीन खणवली. सहा-सात फुटांवर मुरूम काळपट लागला आणि वास असा आला की खणणारे वर आले. त्या मातीपुढे कोणाचा वाद चालला नाही. तडजोड झाली, चोरीचा शिक्का पुसला गेला, मागचा पगार मिळाला. नोकरी परत मिळाली नाही. शेजाऱ्याची विहीर त्याने पुढे झाकून टाकली. ब्रॉड स्ट्रीटची हकीकत मी त्यानंतर पुष्कळ दिवसांनी वाचली, आणि वाचताना मला आमचा तो खड्डा आठवला.

त्या साहेबांच्या बाटलीत दोष का आढळला नाही, हे पुढे मी जाणत्यांना विचारून समजावून घेतले. ते तुम्हांलाही सांगतो, कारण नमुना म्हणजे साक्षीदार आहे आणि साक्षीदार फुटतो कसा हे फिर्यादीला ठाऊक असले पाहिजे. पेट्रोल पाण्याहून हलके. ते पाण्यावर तरंगते, आणि त्यातले बेंझीनसारखे घटक थोडे थोडे पाण्यात विरघळतात. ते उडूनही जातात. अर्धी भरलेली बाटली वरच्या रिकाम्या जागेत त्यांना पळायला वाट देते. म्हणून काचेची लहान बाटली घ्यावी लागते, ती काठोकाठ भरून आत एकही बुडबुडा राहू न देता बंद करावी लागते, बर्फात ठेवावी लागते आणि ठरलेल्या मुदतीत प्रयोगशाळेत पोचवावी लागते. निरीक्षणासाठी खणलेल्या कूपनलिकेत साचलेले शिळे पाणी आधी हळूहळू काढून मग ताजे घ्यायचे असते. मोठी मोटर दोन तास चालविली तर दूरचे स्वच्छ पाणी ओढले जाऊन दोष पातळ होतो. शुद्ध पाण्याची एक बंद बाटलीही सोबत फिरवून आणतात, म्हणजे वाटेत काही मिसळले असल्यास ते कळते. आणि बाटली कोणी भरली, कोणाच्या हाती दिली, कधी दिली, याची सहीनिशी साखळी लागते. कामगार न्यायालयात ज्याने एकदा उलटतपासणी पाहिली आहे त्याला या साखळीचे मोल सांगावे लागत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न, नमुना कोठे घ्यावा. भूजल स्थिर नसते, ते उताराने चालते. त्याची दिशा कळायला किमान तीन ठिकाणी पातळी मोजावी लागते. दोन बिंदूंनी उतार ठरत नाही. मग टाकीच्या वरच्या अंगाला एक नमुना आणि खालच्या अंगाला निदान दोन. वरचे स्वच्छ आणि खालचे दूषित निघाले तर मधली टाकी बोलती झाली. पाण्याबरोबर मातीही घ्यायची, आणि ती टाकीच्या तळाच्या पातळीपासून पाण्याच्या पातळीपर्यंत थराथराने. पाणी आज स्वच्छ दिसेल. माती जुने लक्षात ठेवते.

आता ही विद्या प्रतापनगरच्या जमिनीला लावून पाहा. आपल्या शहराच्या खडकांची ओळख जगाला करून देणारा गृहस्थ म्हणजे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे कॉलेज आपल्याकडे आहे. ते १८४५ साली नागपुरात आले. हंटर नावाच्या सहकाऱ्यासह त्यांनी लिहिलेला नागपूर परिसराच्या भूगर्भावरील निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात १८५५ साली छापला गेला. ज्या साली लंडनमध्ये त्या विहिरीशेजारची माती खणली गेली, त्याच साली. शहराच्या पूर्वेला जुने पट्टेदार खडक आणि वालुकाश्म, तर आपल्या पश्चिम बाजूला दख्खनचा काळा पाषाण, अशी ही मांडणी. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. ज्याच्या घराच्या भिंतीला तडे गेले आहेत त्याला हे सांगायला नको. तीच माती पुरलेल्या नळांना आणि सांध्यांना वर्षानुवर्षे ढकलते आणि सोडते. ओल्या मातीत लोखंड गंजते तेही विजेच्या घटासारखे, एकाच जागी खोल भोक पाडीत. मुरूमातून तेल झिरपते आणि खडकाच्या भेगेत शिरले की भेग नेईल तिकडे जाते. वाळूच्या जमिनीत तेलाचा माग सरळ लागतो. आपल्या पाषाणात ते शेजारची विहीर सोडून तिसऱ्या गल्लीत निघू शकते. म्हणून येथे एका विहिरीचा एक नमुना घेऊन सगळे ठीक आहे म्हणणे हे एका घरची चूल पाहून गाव जेवले म्हणण्यासारखे आहे. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, उन्हाळ्यात, ऑगस्टात, नोव्हेंबरात आणि जानेवारीत; आपले पाणी एका वर्षात किती चढते-उतरते हे त्यावरून कळते. नमुनाही किमान मेमध्ये एकदा आणि पावसाळ्याअखेर एकदा घेतला पाहिजे.

थोडा हिशेब करू. सेकंदाला एक थेंब गळणारी टाकी दिवसाला सव्वाचार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक तेल मातीला पाजते. वहीत ती घट लपते, कारण दहा हजार लिटर पेट्रोल दहा अंशांनी थंड झाले तरी शंभर-सव्वाशे लिटरने आक्रसते. सव्वाचार लिटर कोण विचारतो? जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात बेंझीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम सांगितली आहे. पेट्रोलमध्ये बेंझीन शेकडा एक या कमाल मर्यादेइतके धरले तर एका लिटरमध्ये ते पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास होते. ते सगळे पाण्यात मिसळले तर जवळजवळ पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला पोचते. एक लिटर पेट्रोल आणि एका वस्तीचे पाणी, असे हे प्रमाण आहे.

अमेरिकेने हा धडा महागात घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे गावोगाव उघड्या पोलादाच्या टाक्या पुरल्या गेल्या, आणि तीसएक वर्षांनी त्या गळू लागल्या. १९८३ च्या अखेरीस दूरचित्रवाणीवर त्याचा बोभाटा झाला, १९८४ साली त्यांच्या संसदेने कायदा केला, १९८८ साली नियम आले, आणि जुन्या टाक्या सुधारा किंवा काढा यासाठी १९९८ च्या डिसेंबरपर्यंत दहा वर्षांची मुदत दिली गेली. तेव्हापासून तेथे पाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. गळत्या आमच्याकडेच का नाहीत, असे कोणी मोठ्या समाधानाने विचारील तर त्याला सांगावे की नोंदण्यासाठी आधी खणावे लागते. आपल्याकडे चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ साली घरगुती बोअरमधून तेल येऊ लागले, तेव्हा ती गोष्ट कोणत्याही तपासणीत आधी सापडली नव्हती. ती बायकांच्या बादलीत सापडली.

आणि भोपाळ. १९८४ ची वायुगळती सर्वांना ठाऊक आहे; कारखान्याच्या आवारातल्या मातीची गोष्ट कमी ठाऊक आहे, आणि तिच्याशी आपल्या नागपूरचा संबंध आहे. नव्वदच्या दशकात नीरीने तेथे तपासणी केली. आवारातली माती दूषित आहे, पण भूजलापर्यंत दोष गेल्याचे दिसत नाही, असा तिचा सूर होता. १९९९ साली ग्रीनपीसने नमुने घेतले, त्यात मातीत पारा आणि वस्तीच्या पाण्यात क्लोरीनयुक्त रसायने सापडली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरविण्याचा आदेश दिला. २०१० साली नीरीनेच, हैदराबादच्या भूभौतिक संस्थेसह, पुन्हा तपास केला आणि दूषित मातीचा अंदाज ११ लाख टनांवर गेला. मी हे कोणाला हिणविण्यासाठी सांगत नाही. नीरी ही आपल्या गावची भूषणभूत संस्था आहे, आणि पुन्हा जाऊन खणणे यातच शास्त्राची अब्रू असते. परंतु पहिल्या आणि शेवटच्या अहवालामध्ये ज्यांनी ते पाणी प्यायले, त्यांच्या वर्षांचा हिशेब कोणत्याही अहवालात मांडलेला नसतो. "आढळले नाही" याचा अर्थ "नाही" असा होत नाही. त्याचा अर्थ, या ठिकाणी, या दिवशी, या रीतीने शोधले असता आढळले नाही, एवढाच. हे वाक्य मी तुम्हांला घरी नेण्यासाठी देत आहे.

कायदा आता जागा होतो आहे, हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढील प्रकरणानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये पेट्रोल पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दहा व त्याहून अधिक खाटांची रुग्णालये आणि निवासी भाग यांपासून ५० मीटर अंतर, अडचण असल्यास जादा सुरक्षाव्यवस्था करून कमी, पण कोणत्याही स्थितीत ३० मीटरच्या आत नाही, असे त्यांत म्हटले. आणि गळती, माती व भूजल यांचाही विचार प्रथमच स्पष्टपणे आला. परंतु त्या सूचनांच्या मथळ्यातच "नवे" पंप आहेत. चाळीस वर्षांपूर्वी पुरलेल्या टाकीला मथळे वाचता येत नाहीत. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियमही निघाले, त्यांत संशयित जागांची माहिती ठरावीक काळाने देण्याचे काम जिल्हा प्रशासनावर सोपविले आहे. प्रशासनाला संशय यावा कसा, हा प्रश्न उरतोच. तो तुम्ही-आम्ही आणून द्यावा लागेल.

येथे मी पुन्हा कामगाराकडे येतो. बेंझीन घातक आहे हे मनुष्यजातीला कळले ते विहिरींवरून कळलेले नाही. इस्तंबूलच्या चांभारांना रक्ताचा कर्करोग होतो हे अक्सॉय नावाच्या तुर्की डॉक्टरांनी १९७४ साली दाखविले. ते चांभार बेंझीनमिश्रित गोंद वापरीत. त्याआधीच, १९७१ साली, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बेंझीनपासून कामगारांच्या रक्षणाचा करार केला होता, आणि भारताने त्याला १९९१ साली मान्यता दिली. म्हणजे ज्या आकड्यावर आज तुमच्या पाण्याची मर्यादा उभी आहे तिच्या पायाशी कामगारांचे रक्त आहे, आणि हे मी अलंकार म्हणून बोलत नाही. आजही पंपावर रोज पहाटे झाकण उघडून वाकून डिप टाकणारा माणूस पहिला साक्षीदार असतो. गळतीची पहिली नोंद त्याच्या काठीवर होते. परंतु बोलला तर मालकाचा पंप बंद पडेल आणि आपली नोकरी जाईल, आणि न बोलला तर उद्या चोरीचा आळ आपल्यावरच येईल, अशा कैचीत तो उभा असतो. त्याच्या तोंडाला संरक्षण मिळत नाही तोवर जगातली उत्तमोत्तम उपकरणे उशिराच पोचणार.

मग आपण काय करावे? २०१९ च्या जुलैत तोतलाडोह आटले आणि आठवड्यातले काही दिवस नळ बंद राहिले, तेव्हा वर्षानुवर्षे झाकलेल्या विहिरींची आठवण सगळ्या नागपूरला झाली. तसा उन्हाळा पुन्हा येणार नाही असे कोणी सांगू शकत नाही. तेव्हा विहीर बुजवू नका. तिची पातळी मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये दोरीने मोजून भिंतीवर लिहून ठेवा. पाण्याला रॉकेलसारखा वास आला किंवा वर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर ते चाखून पाहू नका, त्याने आंघोळही करू नका, विहिरीत काडी ओढून पाहण्याचे धाडस तर मुळीच नको. लेखी तक्रार करा, आणि नमुना घ्यायला कोणी आले की शेजारी उभे राहा. बाटली काचेची आहे का, काठोकाठ भरली का, बर्फ आणला आहे का, कोणाची सही घेतली, एवढे विचारायला पदवी लागत नाही. वस्तीने मिळून जवळच्या पंपाच्या टाकीच्या चाचणीचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागावा. आणि पेट्रोल भरताना त्या पोराशी दोन शब्द बोलावे. त्याला काय दिसते ते त्याला विचारणारे आजवर कोणी भेटलेले नाही.

ज्या माणसाची गोष्ट मी सांगितली तो पुढे भाजीचा ठेला लावून जगला. त्याची वही मी जपून ठेवली आहे. तिच्यात पेन्सिलीने तारीख, डिप, माल, पाणी, असे चार रकाने आहेत, आणि काही पानांवर तेलाचे डाग आहेत. चौथा रकाना मालकाच्या वहीत नव्हता. तो त्याने आपल्या मनाने आखला होता.